चर्च वाचले, गाव गेले : चेक नगरांकडे कसे पाहावे?

#थ्रेड

१/
१९७५ च्या सप्टेंबरअखेरीस उत्तर बोहेमियातील मोस्त या शहरात एक चर्च जागचे हलले. सोळाव्या शतकातील, दगडी, दहा हजार टनांहून अधिक वजनाचे. अभियंत्यांनी ते पोलादी चौकटीत आवळले, पायापासून मोकळे केले, ५३ गाड्यांवर तोलले आणि रुळांवरून मिनिटाला जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर या वेगाने पुढे सरकवले. सुमारे चार आठवड्यांत ८४१ मीटर अंतर कापून ते नव्या जागी स्थिरावले. आजही ते तिथे उभे आहे. अभियांत्रिकीचा हा पराक्रम जगभर कौतुकाने सांगितला जातो. तो सांगताना एक प्रश्न मात्र सहसा वगळला जातो : चर्च हलवावे लागले, मग त्याच्या भोवतीच्या गावाचे काय झाले?

२/
गाव पाडले. मोस्तच्या पोटात लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा होता आणि तत्कालीन चेकोस्लोव्हाकियाच्या साम्यवादी राजवटीला तो हवा होता. साठच्या दशकात निर्णय झाला आणि पुढच्या दोन दशकांत मध्ययुगीन राजनगर टप्प्याटप्प्याने जमीनदोस्त झाले. चौक, गल्ल्या, नाट्यगृह, दुकाने, राहती घरे, काहीही मागे ठेवले नाही. रहिवाशांना बाजूलाच उभारलेल्या नव्या शहरात, कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या तावदानांच्या इमारतींत सदनिका मिळाल्या. १५१७ मध्ये बांधायला घेतलेले हे उत्तर-गॉथिक चर्च तेवढे वारसा म्हणून वाचवण्यात आले.

३/
मोस्तची कथा टोकाची आहे, पण अपवादात्मक नाही. चेक प्रजासत्ताकातील कित्येक नगरांत हेच घडलेले दिसते : वास्तू टिकल्या आणि त्या ज्यांनी उभारल्या, ज्यांनी त्यांत पिढ्यान्‌पिढ्या दिवे लावले, ती माणसे नाहीशी झाली. कधी मारली गेली, कधी हाकलली गेली, कधी हळूहळू निघून गेली. पर्यटकाला दिसते ती रंगवलेली, निगुतीने जपलेली दर्शनी भिंत. या धाग्याचे म्हणणे इतकेच, की त्या भिंतीमागची वस्ती विचारात घेतल्याशिवाय ही नगरे पाहिली, असे म्हणता येत नाही.

४/
युरोपच्या सहलींवर निघणाऱ्या मराठी पर्यटकांच्या कार्यक्रमात प्राग हल्ली हमखास असते. जमल्यास चेस्की क्रुम्लोवला अर्धा दिवस मिळतो. तिथे सांगितली जाणारी माहिती ठरलेली असते : ही कमान गॉथिक, ही सजावट पुनरुज्जीवनकाळातली, हे नाट्यगृह बरोक, अमुक साली युनेस्कोच्या यादीत समावेश. यातील प्रत्येक गोष्ट खरी आहे. परंतु शैली आणि साल यांनी इमारतीची ओळख पटते, गावाची पटत नाही. आपल्याकडचा एखादा चिरेबंदी वाडा दाखवताना केवळ खांबांचे कोरीवकाम सांगावे आणि वाड्यात कोण राहत होते, ते का गेले, हे सांगूच नये, तसा हा प्रकार आहे. पुढे चार नगरे आणि प्रागमधील एक भिंत यांच्या आधारे हे पाहू.

५/
कुत्ना होरा : चांदीचे गाव

प्रागच्या पूर्वेला सुमारे सत्तर किलोमीटरवर कुत्ना होरा आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे चांदीच्या विपुल खाणी सापडल्या आणि बोहेमियाचे राज्य युरोपातील धनाढ्य राज्यांत जाऊन बसले. १३०० मध्ये राजा दुसरा वेन्सेस्लास याने इटलीहून नाणेतज्ज्ञ बोलावले. ज्या वास्तूत टांकसाळ होती तिला आजही ‘इटालियन वाडा’ अशा अर्थाचेच नाव आहे. तिथे पडलेले ‘प्राग ग्रोशन’ हे चांदीचे नाणे मध्य युरोपभर चालत असे. त्याच सुमारास राजाने खाणकामाचा स्वतंत्र कायदाही केला. खाणीतल्या मालकीचे आणि कामाचे नियम त्यात होते.

६/
या गावाचे मुकुटरत्न म्हणजे संत बार्बराचे चर्च. १३८८ मध्ये आरंभ झाला, युद्धांनी आणि आटत्या चांदीने काम वारंवार थांबले, अखेर १९०५ मध्ये ते पुरे झाले. बार्बरा ही खाणकामगारांची रक्षणकर्ती मानली जाते. चर्चचा खर्च प्रामुख्याने खाणींच्या पैशावर जगणाऱ्या नगरवासीयांनी उचलला. म्हणूनच आत संतांच्या जोडीला वेगळी मंडळीही दिसतात : घण उचलून नाणी पाडणारे कारागीर भित्तिचित्रांत आहेत, तर पांढरा अंगरखा घातलेला, हाती दिवा धरलेला खाणकामगार पुतळ्याच्या रूपात उभा आहे. काळोखात माणूस दिसावा म्हणून अंगरखा पांढरा. श्रमिकांना देवघरात अशी जागा देणारी स्थळे युरोपात फार नाहीत.

७/
पण ही एकदिलाने नांदणाऱ्या गावाची गोष्ट नव्हे. धर्मसुधारक यान हुस याला १४१५ मध्ये कॉन्स्टन्स येथे जिवंत जाळले गेले आणि बोहेमिया पेटला. कुत्ना होरातील श्रीमंत नगरवासी आणि खाणवाले बहुतांशी जर्मनभाषक व कॅथलिक होते. त्यांनी पकडून आणलेल्या हुसपंथीयांना खोल खाणींत जिवंत फेकले. काही वर्षांतच पारडे फिरले. १४२० च्या दशकात शहराला आगी लागल्या, बहुतेक जर्मनभाषक कुटुंबांना गाव सोडावे लागले आणि घरांना नवे मालक मिळाले. पुढे १४८५ मध्ये याच गावी दोन्ही पंथांत धार्मिक तह झाला, हेही नोंदवले पाहिजे. त्या काळच्या युरोपात असा समझोता दुर्मीळ होता.

८/
पर्यटकांची सर्वाधिक गर्दी मात्र लगतच्या सेडलेत्स येथील अस्थिगृहात होते. सुमारे चाळीस हजार माणसांच्या अस्थी तिथे आहेत. प्लेगने आणि हुसपंथीय युद्धांनी मारलेल्यांचा त्यांत मोठा वाटा आहे. १८७० मध्ये फ्रांतिशेक रिंट नावाच्या कारागिराने या अस्थींची झुंबरे, तोरणे आणि सरदारघराण्याचे कुलचिन्हही रचले. मर्त्यतेचे स्मरण देणारी ही प्रार्थनेची जागा कालांतराने कवट्यांशेजारी हसऱ्या छबी टिपण्याची जागा बनली. अखेर २०२० पासून विनापरवानगी छायाचित्रे घेण्यास मनाई करण्यात आली. त्या निर्णयावर काही पर्यटक रुसले. हाडे माणसांची आहेत, याची आठवण नियम करून द्यावी लागली, ही खेदाची गोष्ट आहे.

९/
लितोमिश्ल : ओरखड्यांची भिंत

पूर्व बोहेमियातील लितोमिश्लचा प्रासाद १५६८ ते १५८१ या काळात पेर्नश्तेइन घराण्यातील व्रातिस्लाव याने बांधून घेतला. इटालियन वास्तुकारांचे हे काम. त्याच्या भिंती ‘स्ग्राफितो’ या तंत्राने मढवल्या आहेत. आधी गडद गिलावा, त्यावर चुन्याचा पांढरा पातळ थर. वरचा थर ओला असतानाच टोकदार अवजाराने खरवडायचा, म्हणजे खालचा गडद रंग उघडा पडून चित्र उमटते. इथे लिफाफ्याच्या आकाराचे सुमारे आठ हजार चौकोन आहेत आणि प्रत्येकातली नक्षी वेगळी आहे. संगीतकार बेद्रिख स्मेताना १८२४ मध्ये याच प्रासादाच्या मद्यनिर्मितीगृहात जन्मला. त्याचे वडील तिथे बिअर बनवत.

१०/
आज दिसणारी भिंत मात्र सोळाव्या शतकातून जशीच्या तशी आपल्यापर्यंत आलेली नाही. चारशे वर्षांच्या ऊन-पावसाने आणि वरून थापलेल्या गिलाव्यांनी चित्रे विरून गेली होती. त्यांचा जीर्णोद्धार विसाव्या शतकाच्या सत्तर व ऐंशीच्या दशकांत झाला, आणि तो करणारे हात कोणाचे होते ही या प्रासादाची खरी गोष्ट आहे. १९६८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाड्यांनी ‘प्राग वसंत’ चिरडला. त्यानंतरच्या काळाला सरकारी भाषेत ‘सामान्यीकरण’ म्हणत. राजवटीला नकोशा कलावंतांची प्रदर्शने बंद झाली. त्यांतील अनेकांनी जुन्या वास्तूंच्या डागडुजीवर पोट भरले.

११/
लितोमिश्लच्या परातीवर चढलेल्या अशा कलावंतांत शिल्पकार ओल्ब्राम झोउबेक होता. सोव्हिएत आक्रमणानंतर पसरलेल्या हताशेच्या निषेधार्थ विद्यार्थी यान पालाख याने जानेवारी १९६९ मध्ये स्वतःला पेटवून घेतले. त्याच्या मृत चेहऱ्याचा साचा गुपचूप घेणारा तो हाच झोउबेक. शेजारी शिल्पकार झ्देन्येक पाल्त्सर आणि स्तानिस्लाव पोध्राझ्स्की. आणि चौथा, चित्रकार वात्स्लाव बोश्तीक. स्वतःच्या कलेला दालन नाकारलेल्या या माणसांनी वर्षानुवर्षे परातीवर उभे राहून दुसऱ्यांची चित्रे पुन्हा उमटवली. पर्यटकाला तिथे ‘पुनरुज्जीवनकालीन भिंत’ दाखवतात. तिच्यात विसाव्या शतकातील गळचेपीचाही एक थर आहे.

१२/
प्राग : नावांची भिंत

बोश्तीकचे नाव इथेच सोडता येत नाही. प्रागच्या जुन्या ज्यू वस्तीत पिंकास सिनेगॉग आहे. १९५४ ते १९५९ या काळात वात्स्लाव बोश्तीक आणि यिर्झी योन या दोन चित्रकारांनी तिच्या आतल्या भिंतींवर नावे लिहिली. बोहेमिया आणि मोरावियातील, नात्झींनी मारलेल्या जवळपास ८० हजार ज्यूंची नावे, जन्मतारखा आणि शेवटचे ज्ञात दिनांक. चित्र नाही, अलंकरण नाही. नावे गावांप्रमाणे लावलेली आहेत : आधी गावाचे नाव, मग त्या गावची कुटुंबे. ज्यांना थडगे मिळाले नाही, त्यांच्यासाठी भिंत हेच थडगे झाले.

१३/
१९६८ नंतर ही वास्तू बंद झाली. भिंतींत शिरलेल्या ओलाव्याचे कारण होते, आणि पुढील दोन दशके ती बंदच राहिली. त्या काळात नावे भिंतींवरून नाहीशी झाली. ज्यांना एकदा मारले होते, ती माणसे दुसऱ्यांदा पुसली गेली. साम्यवादी राजवट कोसळल्यानंतर, १९९२ ते १९९६ या काळात, सगळी नावे पहिल्यापासून पुन्हा लिहिण्यात आली. ज्या राज्याला कोळशाच्या वाटेतले एक चर्च पाऊण किलोमीटरहून दूर हलवण्याची इच्छाशक्ती होती, त्याच राज्यात ही भिंत इतकी वर्षे बंद होती. काय वाचवायचे हे सामर्थ्यावर ठरत नाही, इच्छेवर ठरते.

१४/
त्रेबीच : माणसांविना मोहल्ला

पिंकासच्या भिंतीवर ज्या गावांची नावे आहेत, त्यांत मोरावियातील त्रेबीच आहे. यिह्लावा नदीच्या काठी, टेकडीच्या पायथ्याशी इथला ज्यू मोहल्ला दाटीवाटीने वसला आहे. वाढायला जागा नव्हती, म्हणून घरे एकमेकांना खेटून उभी राहिली, गल्ल्यांवर कमानी टाकून वर खोल्या काढल्या गेल्या. एकाच घराचे मजले आणि खोल्या वेगवेगळ्या मालकांच्या असत. शंभराहून अधिक घरे, दोन सिनेगॉग, टेकडीवर सुमारे तीन हजार शिळांचे दफनस्थान. पलीकडे संत प्रोकोपियसची तेराव्या शतकातील भव्य बॅसिलिका. २००३ मध्ये युनेस्कोने मोहल्ला, दफनस्थान आणि बॅसिलिका यांना एकत्रित मानांकन दिले. ख्रिस्ती व ज्यू संस्कृतींच्या सहजीवनाची खूण म्हणून.

१५/
सहजीवनाचा शेवट मात्र फलकावर दोन ओळींत उरकला जातो. १९४२ मध्ये त्रेबीचच्या ज्यूंना तेरेझीन येथे आणि तेथून पुढे मृत्युछावण्यांकडे नेण्यात आले. परत आले ते बोटांवर मोजण्याइतके. समाजच उरला नाही. एक सिनेगॉग ख्रिस्ती प्रार्थनामंदिर झाले, दुसरे गोदाम. साम्यवादी काळात संपूर्ण मोहल्ला पाडून तिथे आधुनिक इमारती उभारण्याचा बेत होता. तो तडीस गेला नाही आणि पुढे घरांची दुरुस्ती झाली. मोहल्ला आज देखणा आहे. त्यात माणसेही राहतात. ज्यांच्यामुळे त्याला ‘ज्यू मोहल्ला’ म्हणतात, ते मात्र नाहीत.

१६/
याचा दोष आजच्या रहिवाशांचा नाही. उलट, परक्या समाजाचे दफनस्थान नि सिनेगॉग जपणाऱ्या गावाचे ऋण मान्य केले पाहिजे. आक्षेप आहे तो पाहण्याच्या रीतीवर. ‘जपलेला ज्यू मोहल्ला’ या शब्दांत जपले काय गेले, याची फोड होत नाही. दगड जपले गेले. भाषा, स्वयंपाक, शब्बाथच्या संध्याकाळचे दिवे, गल्लीतली भांडणे, लेकरांचा कालवा यांतले काही जपता आले नाही. म्हणून टेकडीवरच्या दफनस्थानात थांबल्याशिवाय त्रेबीचची भेट पूर्ण होत नाही. तिथल्या जुन्या शिळा सांगतात की शतकानुशतके इथले लोक आपल्या माणसांमध्ये, आपल्या मातीत पुरले गेले. शेवटच्या पिढीला तेही लाभले नाही.

१७/
चेस्की क्रुम्लोव : दुसऱ्यांदा रिते होणारे गाव

व्ल्तावा नदीच्या वळणदार वेढ्यात वसलेले क्रुम्लोव चित्रात काढावे तसे आहे. वर कड्यावर प्रागखालोखाल देशातला सर्वांत मोठा मानला जाणारा किल्ला-प्रासाद. १३०२ पासून तीनशे वर्षे रोझ्मबेर्क घराणे, मग काही काळ सम्राट, पुढे एग्गेनबेर्ग आणि १७१९ पासून श्वार्झेनबेर्ग असे धनी झाले. अठराव्या शतकातील नाट्यगृह पडदे, पोशाख व लाकडी यंत्रणेसह शाबूत आहे. १९९२ मध्ये युनेस्कोचे मानांकन मिळाले. इथवरची माहिती प्रत्येक पुस्तिकेत मिळते. खालच्या गल्ल्यांत कोणती भाषा बोलली जाई, हे मात्र क्वचितच सापडते.

१८/
१९१० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या सुमारे साडेआठ हजार होती. त्यांपैकी सात हजारांहून अधिक लोक जर्मन बोलत. गावाला ते ‘क्रुमाउ’ म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या तेथेच जन्मलेले नानबाई, शिंपी, शिक्षक, गिरणीवाले. १९१८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य कोसळले आणि हे लोक घर न सोडता चेकोस्लोव्हाकिया या नव्या देशात अल्पसंख्य ठरले. सीमेलगतच्या या पट्ट्यात असे तीस लाखांवर जर्मनभाषक होते. १९३५ च्या निवडणुकीत त्यांतील सुमारे दोन तृतीयांश मते हेन्लाइनच्या पक्षाला पडली, आणि तो पक्ष पुढे उघडपणे हिटलरच्या बाजूने गेला. सप्टेंबर १९३८ च्या म्युनिक करारानंतर क्रुमाउ जर्मनीत सामील झाले.

१९/
पुढची सात वर्षे चेक समाजासाठी भीषण होती. १९४२ मध्ये लिदित्से हे खेडे नात्झींनी नकाशावरून पुसले : पुरुषांना गोळ्या घातल्या, स्त्रियांना छळछावणीत धाडले, बहुतेक मुलांना मारले, घरे जाळून जमीन सपाट केली. १९४५ मध्ये युद्ध संपले आणि हिशेब चुकता करण्याची वेळ आली. मात्र तो संपूर्ण भाषिक समाजाकडून चुकता करून घेतला गेला. सुरुवातीच्या महिन्यांत हिंसक हकालपट्टी, नंतर विजेत्या राष्ट्रांच्या संमतीने रेल्वेगाड्या भरून स्थलांतर. १९४६ च्या अखेरीपर्यंत चेकोस्लोव्हाकियातील बहुतेक जर्मनभाषक देशाबाहेर गेले. हातात मोजके किलो सामान, घराची किल्ली कुलपातच.

२०/
इथे तोलून बोलणे आवश्यक आहे. त्रेबीचच्या ज्यूंचा संहार आणि क्रुमाउच्या जर्मनांची हकालपट्टी यांना एका पारड्यात ठेवता येणार नाही. पहिला एका समाजाला जगातून नष्ट करण्याचा बेत होता. दुसरी त्या बेताच्या सूत्रधारांचा पराभव झाल्यावर उसळलेली सामूहिक शिक्षा होती. पण सामूहिक शिक्षेत दोषी नि निर्दोष वेगळे काढले जात नाहीत. म्हातारी माणसे, तान्ही मुले, नात्झींना विरोध करणारेही त्यात भरडले गेले. १९९७ च्या संयुक्त घोषणापत्रात जर्मनीने आपल्या आक्रमणाची जबाबदारी मान्य केली आणि चेक बाजूने हकालपट्टीतील यातनांबद्दल खेद व्यक्त केला. दोन राज्यांना जे म्हणता आले, ते पर्यटन पुस्तिकेलाही म्हणता यायला हवे.

२१/
आता वास्तूंकडे वळू. क्रुम्लोवच्या रिकाम्या घरांत देशाच्या अंतर्भागातून आणि स्लोव्हाकियातून आलेली कुटुंबे वसली. त्यांना या घरांचा इतिहास ठाऊक नव्हता, आणि नव्या राजवटीत घर स्वतःचे असण्याची खात्रीही नव्हती. किल्ला १९४७ च्या विशेष कायद्याने सरकारजमा झाला. १९६३ मध्ये जुन्या गावाला संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळाला तरी गिलावे गळत राहिले. पैसा नव्हता, म्हणून पाडापाडीही झाली नाही. काचेची दुकाने, रुंद रस्ते आले नाहीत. नव्वदीनंतर ज्याला ‘काळ थबकलेले गाव’ म्हणून वाखाणले गेले, ते मुळात हकालपट्टी आणि उपेक्षा यांनी थबकले होते. या सौंदर्याची किंमत कोणीतरी मोजलेली आहे.

२२/
चित्रकार एगोन शीले याची आई याच गावची. १९११ च्या उन्हाळ्यात तो इथे राहायला आला. लग्नावाचूनचा संसार आणि नग्नचित्रे गावाला रुचली नाहीत. काही महिन्यांतच त्याला काढता पाय घ्यावा लागला. त्याने उंचावरून पाहून रंगवलेल्या क्रुमाउच्या चित्रांत छपरे आहेत, काळीभोर नदी आहे, माणसे जवळपास नाहीत. काही चित्रांना त्याने नाव दिले ‘मृत शहर’. त्या वेळी गाव माणसांनी गजबजलेले होते. आज त्याच गावात त्याच्या नावाचे कलाकेंद्र आहे. १९९३ मध्ये ते सुरू झाले. ज्याला हाकलले त्याचेच नाव आज गाव अभिमानाने मिरवते.

२३/
आणि आता गाव दुसऱ्यांदा रिते होत आहे. या वेळी बंदूक नाही, घरभाडे आहे. जुन्या भागात राहते घर विकून तिथे पाहुण्यांच्या खोल्या काढणे परवडते. किराणा दुकानाच्या जागी भेटवस्तूंचे दुकान येते, कायमचा रहिवासी नदीपलीकडच्या नव्या वस्तीत जातो. २०१८ मध्ये कातेर्जिना शेदा या कलावतीने यावर नेमके बोट ठेवले. तिने काही कुटुंबांना पगार देऊन क्रुम्लोवच्या जुन्या भागात राहायला आणले. काम एकच : सामान्य जगणे जगायचे. कपडे वाळत घालायचे, मुलांनी गल्लीत खेळायचे, खिडकीत उभे राहायचे. हा प्रकल्प त्याच वर्षी व्हेनिसच्या वास्तुकला द्वैवार्षिकीत चेक आणि स्लोव्हाक दालनात मांडला गेला. घरात राहणे हे पगारी काम होते, तेव्हा वारसा म्हणून नेमके काय उरले?

२४/
याला एक वाजवी उत्तर दिले जाते. पर्यटक आले नसते तर ही गावे ढासळली असती. छपरांच्या कौलांना, २००२ च्या महापुरानंतरच्या डागडुजीला, स्ग्राफितो जपणाऱ्या कारागिरांना पैसा लागतो आणि तो प्रवेशपत्रिकांतून येतो. शिवाय हकालपट्टी आणि संहार यांच्या आठवणी काढून सुटीवर आलेल्याचा आनंद का हिरावावा? पहिला मुद्दा पूर्णतः मान्य करावा लागतो. प्रवास थांबवणे हा उपाय नव्हेच. दुसरा मान्य करता येत नाही. ठाऊक असण्याने आनंद घटत नाही. लितोमिश्लच्या भिंतीमागे बोश्तीकचा हात आहे हे कळल्यावर ती भिंत अधिक सुंदर दिसते. आणि ज्या सौंदर्याला इतिहास कळताच तडा जातो, ते जपण्याचा अट्टहास कशासाठी?

२५/
मग पाहुण्याने करावे काय? फार नाही. क्रुम्लोव अर्ध्या दिवसात उरकू नये. शक्य तर रात्री मुक्काम करावा, संध्याकाळी बसगाड्या गेल्यावर गावात किती खिडक्यांत दिवा लागतो ते मोजावे. कुत्ना होरात अस्थिगृहाइतकाच वेळ बार्बराच्या चर्चमधील खाणकामगारासमोर द्यावा. त्रेबीचला टेकडी चढावी. प्रागमध्ये पिंकासच्या भिंतीपाशी कोणत्याही एका गावाचे नाव निवडावे आणि त्याखालची नावे वाचावीत. आणि प्रत्येक चौकात मार्गदर्शकाला शैली व साल विचारून झाल्यावर आणखी दोन प्रश्न विचारावेत : इथे कोण राहत होते? ते का गेले?

२६/
शेवटी पुन्हा मोस्त. कोळसा काढून झाला. जुन्या गावाच्या जागी उरलेल्या प्रचंड खड्ड्यात पाणी सोडण्यात आले आणि २०२० मध्ये ते तळे लोकांसाठी खुले झाले. उन्हाळ्यात तिथे कुटुंबे पोहायला येतात. काठाच्या जवळच, हलवून आणलेले चर्च उभे आहे. आतील उंच कमानी, सडपातळ खांब, गुंफलेल्या फासळ्यांचे छत हे सारे पाहण्याजोगे आहे आणि ते अवश्य पाहावे. मात्र बाहेर पडल्यावर क्षणभर पाण्याकडे तोंड करून उभे राहावे. ज्यांच्या प्रार्थनेसाठी हे चर्च बांधले गेले, त्यांची घरे त्या बाजूला होती.

(धागा समाप्त)